भाग: आंब्याची वाकडी फळी

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

माझं आजोळ कुणकेश्वरचं. घरामागे एक जुना रायवळ आंबा आहे, छपराकडे कललेला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात त्याची एक जाड आडवी फांदी मोडली. मामांनी तिच्या फळ्या काढून ओसरीवर बाक करून घेतला. वर्षभरात बाक असा पिळला की चार पाय कधी एकदम टेकेनात. मी सुतारावर संशय घेतला, ओलं लाकूड वापरलं म्हणून. तो एवढंच म्हणाला, "ह्या फांदयेचा लाकूड. ता ऐकणा नाय."

सुतार बरोबर होता. कसं, ते बघूया.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा पातळ थर असतो. नवं लाकूड तोच तयार करतो. खोड सरळ असेल तर सगळीकडून साधारण सारखं वाढतं. पण खोड कललं किंवा फांदी आडवी वाढली, की झाडाला गुरुत्वाकर्षण जाणवतं. मग आंब्यासारखी रुंद पानांची झाडं वरच्या बाजूला जास्त लाकूड घालतात. या लाकडाच्या तंतूंत सेल्युलोज भरपूर, लिग्निन कमी. ते तंतू आकसतात आणि दोर ताणावा तसं फांदीला वर ओढून धरतात. हे ताण-लाकूड. पाइनसारखी झाडं उलटं करतात. ती खालच्या बाजूने जाड होऊन टेकू देतात.

आता गंमत बघा. किनाऱ्यावरचा सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो सपुष्प वनस्पती आहे. त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या. त्यामुळे तोही आंब्याच्याच पंगतीतला, वरून ओढणारा. समुद्राकडची झाडं गावाकडे झुकलेली दिसतात त्याला आणखी एक कारण आहे: खारा वारा समुद्राकडचे कोंब जाळतो, मग वाढ होते ती जमिनीकडच्या बाजूनेच.

ताण-लाकूड वाळताना लांबीतही नेहमीपेक्षा जास्त आखडतं. फळीची एक कड आखडली, दुसरी नाही, की फळी वाकते, पिळते. रंधा मारला तरी वर लव उरते.

आता मुख्य प्रश्न. मामा म्हणत होते, आंबा तोडूया, घरावर येईल. आम्ही आधी नीट बघितलं. खोड बुंध्याशी कललेलं, पण वर जाताना हळूहळू सरळ झालेलं. म्हणजे झाड कित्येक वर्षं स्वतःला सावरत आलंय. मुळांशी माती फुटलेली नाही, बुंधा पोकळ वाजत नाही, अळंबी नाही. झाड ठेवलं, छपरावरची फांदी तेवढी उतरवली. उद्या कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला जमिनीत भेग दिसली, तर मात्र मीच माणूस बोलावीन. वादळापुढे खात्री कुणाचीच नसते.

बाक अजून डुगडुगतो. एका पायाखाली करवंटीचा तुकडा घातलाय.

तुमच्या परसात असं कललेलं झाड असेल, तर खोडाचं वळण बघून कळवा. भेटू पुढच्या भागात!