तपासाची मुदत आणि जामिनाचा हक्क

पोलिसांनीं धरून नेलेला मनुष्य दोन-तीन महिन्यांनीं जामिनावर घरीं परतला, कीं गांवांत तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो पैसे चारले, कोणी म्हणतो वशिला लागला. पुष्कळदां यांतील कांहींच घडलेलें नसतें. तपास करणाऱ्यांनीं कायद्याची मुदत दवडलेली असते, एवढेंच.

ही मुदत कोठून आली? १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणें तपासासाठीं पंधरा दिवसांचीच कोठडी देतां येई. मोठ्या गुन्ह्याचा तपास तेवढ्यांत उरकत नसे. मग अन्य कलमांचा आधार घेऊन कोठडी लांबविली जाई. म्हणून १९७३ च्या संहितेनें साठ दिवसांची मर्यादा घातली आणि १९७८ मध्यें गंभीर गुन्ह्यांसाठीं ती नव्वद केली. हीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्यें आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. ज्या गुन्ह्यास फांशी, जन्मठेप किंवा दहा वर्षें वा अधिक कैद सांगितली आहे, त्यास नव्वद दिवस, इतरांस साठ.

दिवस मोजावयाचे ते अटकेपासून नव्हे. मॅजिस्ट्रेटनें प्रथम कोठडी दिली तो दिवस पहिला धरावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ मध्यें ठरविलें. समजा, आमच्या आगाशींतील सुकेळीं विकणाऱ्या एखाद्या गृहस्थावर चोरीचा आळ आला आणि कोर्टानें त्यास १ जून रोजीं कोठडी दिली. मग ३० जुलै हा साठावा दिवस. तोंपर्यंत आरोपपत्र कोर्टांत दाखल झालें नाहीं, तर ३१ जुलैस त्यास जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. गुन्हा केला कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हां कोर्ट पाहात नाहीं.

या हक्काची चर्चा आमच्या शेजारच्या विरारच्या नांवाशीं जोडलेल्या एका खटल्यांत झाली. हितेंद्र विष्णु ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो १९९४ चा निकाल. त्यावेळच्या टाडा कायद्यांत मुदत १८० दिवसांची होती व सरकारी वकिलाच्या अहवालावरून ती एक वर्षापर्यंत वाढवितां येई. सर्वोच्च न्यायालय म्हणालें, वकिलानें पोलिसांची मागणी नुसती पुढें धाडूं नये. स्वतः विचार करून तपास कोठवर आला व कोठडी आणखी कां हवी, हें मांडावें. टाडा कायदा १९९५ सालीं संपला. तत्त्व मात्र टिकलें.

परंतु हा हक्क आपोआप पदरांत पडत नाहीं. त्याच वर्षीं संजय दत्त खटल्यांत घटनापीठानें सांगितलें, कीं आरोपपत्र येईपर्यंतच तो बजावतां येतो. आरोपी गप्प राहिला आणि दरम्यान आरोपपत्र आलें, तर हक्क गेला. उलट, आरोपीनें वेळेवर अर्ज केला व तो जामीन देण्यास तयार असला, तर कोर्टाच्या विलंबामुळें किंवा मागाहून आलेल्या आरोपपत्रामुळें त्याचा हक्क बुडत नाहीं, असें २००१ च्या उदय मोहनलाल आचार्य निकालांत ठरलें. ही मागणी तोंडीं केली तरी चालते, हें २०१७ च्या निकालानें स्पष्ट केलें.

अशा जामिनानें कोणी निर्दोष ठरत नाहीं. आरोपपत्र पुढें येतें, खटलाही चालतो. पण तपास रेंगाळल्याची शिक्षा आरोपीनें तुरुंगांत बसून भोगूं नये, हा यांतील न्याय आहे. ज्याच्यापाशीं वकील आहे, त्याचे दिवस वकील मोजतो. निरक्षराचे कोणी मोजावे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानें कोठडींतील माणसास, मिळकत कितीही असली तरी, सरकारी खर्चानें वकील मागतां येतो. तेव्हां ज्यांच्या घरावर असा प्रसंग येईल, त्यांनीं पहिल्या कोठडीची तारीख भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावी, आणि एकसष्टाव्या किंवा एक्याण्णवाव्या दिवशीं कोर्ट उघडतांच अर्ज द्यावा.