शिधापत्रिका आणि शिधा

तालुक्याच्या कचेरीतील पुरवठा शाखेच्या दाराशी तासभर उभे राहिले, तर एक वाक्य हटकून कानी पडते: "साहेब, कार्ड आहे, पण त्यावर माल येत नाही." ज्या बाईच्या तोंडून ते निघते तिने ते केशरी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षे जपलेले असते, त्याच्यासाठी कधीकाळी कचेरीचे खेटे घातलेले असतात, आणि तरीही दुकानदार आपल्याला धान्य का देत नाही हे तिला कोणीही नीट समजावून सांगितलेले नसते. वास्तविक उत्तर अवघड नाही. शिधापत्रिका ही एक वस्तू आहे आणि शिध्याचा हक्क ही दुसरी; पहिली हाती आली की दुसरी आपोआप पदरी पडते ही समजूत पूर्वी यथार्थ होती, आज ती तशी राहिलेली नाही.

पूर्वीची स्थिती निराळी का होती, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. बंगाल दुष्काळात होरपळत असता त्याच १९४३ साली मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. खेड्यांतून स्वस्त धान्य दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात, तो त्या युद्धकालीन नियंत्रणाचाच भाषेत उरलेला अवशेष आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी याच दुकानांतून घरोघरी गेली आणि तिची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. १९९७ साली गरीब आणि अगरीब असा भेद केंद्राने प्रथम सार्वत्रिकपणे केला, आणि महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून वार्षिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास पिवळी, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास पांढरी, अशी तीन रंगांची पत्रिका आणली.

पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला आणि राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. या कायद्याने जी गोष्ट सरकारच्या मर्जीवर होती ती नागरिकाचा हक्क म्हणून मान्य केली, हे त्याचे मोठेपण निःसंशय आहे. परंतु त्याच कायद्याने त्या हक्काला संख्येची मर्यादाही घातली. महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी माणसे, एवढाच राज्याचा इष्टांक. आणि ही मोजदाद २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर जन्मलेली मुले, शहरांत आलेले मजूर, वेगळ्या झालेल्या चुली या सर्वांना त्याच इष्टांकात जागा शोधावी लागते. म्हणूनच एका गल्लीतील दोन केशरी कार्डांपैकी एकावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असतो आणि दुसऱ्यावर नसतो, आणि धान्य मिळते ते रंगाला नव्हे, त्या शिक्क्याला.

या इष्टांकातले लाभार्थी दोन प्रकारचे आहेत. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास, माणसे कितीही असोत, ३५ किलो धान्य मिळते. पूर्वी तांदळास ३ व गव्हास २ रुपये किलोमागे द्यावे लागत. जानेवारी २०२३ पासून दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना हे धान्य विनामूल्य मिळते. घरात सात माणसे असतील तर दोन्ही प्रकारांत हिशेब सारखाच येतो, परंतु एकट्या राहणाऱ्या निराधार विधवेला ५ किलो आणि ३५ किलो यांतील अंतर हे अर्धपोटी राहणे आणि पोटभर जेवणे यांतील अंतर आहे. भूमिहीन मजूर, वृद्ध, अपंग, विधवा, तसेच कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमाती यांचा अंत्योदयावर प्रथम अधिकार आहे, आणि तो अर्जात स्पष्ट शब्दांत मागितला पाहिजे.

प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये अशी ठरविण्यात आली. तीनशे रुपये रोजाने वर्षाकाठी दीडशे दिवस काम मिळालेला शेतमजूर एकटाच ही ग्रामीण मर्यादा ओलांडतो. तेव्हा ती आजच्या गरिबीचे माप म्हणून फार तोकडी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु आहे त्या नियमात अर्ज करणे भाग असल्याने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हा सर्व कागदांतील कळीचा कागद ठरतो. त्याखेरीज घरातील सर्वांची आधार कार्डे, वीजबिल किंवा भाडेकरार यांसारखा निवासाचा पुरावा, आणि कुटुंबातील ज्येष्ठ सज्ञान स्त्रीचे छायाचित्र लागते. कारण या कायद्याने कुटुंबप्रमुख म्हणून तिलाच मानले आहे.

नव्या पत्रिकेचा अर्ज नमुना १ मध्ये, नाव वाढविण्याचा नमुना ८ मध्ये आणि कमी करण्याचा नमुना ९ मध्ये होतो. ही संख्यांची रूक्ष यादी वाटेल, पण सासरी आलेल्या सुनेचे धान्य बहुधा यांतल्या शेवटच्या दोन नमुन्यांच्या मध्येच अडकलेले असते. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याचा दाखला आल्यावाचून सासरच्या कार्डावर ते चढत नाही. माहेर दूरच्या जिल्ह्यात असले, की हा दाखला आणणार कोण या प्रश्नात महिने जातात, आणि तोवर ती विवाहिता शासनाच्या दफ्तरी दोन्ही घरची नसते. लग्नाच्या खरेदीच्या यादीत हा एक दाखला आधीच लिहून ठेवावा, असे प्रत्येक आईबापाला मी कळकळीने सांगेन.

अर्ज पुरवठा शाखेत वा सेतू केंद्रात द्यावा. मुंबईत शिधावाटप कार्यालयात. चौकशी होऊन पत्रिका मिळाली की बहुतेक लोक काम संपले असे मानून घरी जातात, आणि येथेच घात होतो. पत्रिकेबरोबर अथवा तिच्या मागोमाग प्राधान्य यादीत समावेश व्हावा अशी स्वतंत्र लेखी मागणी करावी, आणि कारकुनाने "इष्टांक भरला आहे" असे सांगितले तर ते उत्तर लेखी मागावे. मृत व स्थलांतरित व्यक्तींची नावे कमी होऊन यादीत जागा रिकाम्या होत असतात. त्या जागी आपला विचार होण्यासाठी आपली मागणी तारखेसह दफ्तरी असणे अवश्य आहे.

हक्क मिळाल्यावरही तो राखावा लागतो. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या फडावर गेला तरी त्याच कार्डाच्या क्रमांकावर तेथील दुकानातून धान्य उचलू शकतो, आणि गावी राहिलेली म्हातारी आपला वाटा गावी घेऊ शकते; ही सोय आता देशभर आहे. काबाडकष्टांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर लागत नाही, पण केवळ तेवढ्या कारणाने कोणासही धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी, वजन पाहावे, आणि कमी भरल्यास १९६७ या क्रमांकावर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. त्यावर अपील राज्य अन्न आयोगाकडे चालते.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना या धान्याची गरज नसेल. त्यांना विनंती एवढीच, की आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे किंवा इमारतीच्या रखवालदाराचे कार्ड एकदा मागून घ्यावे, त्यावर प्राधान्य किंवा अंत्योदय असा शिक्का आहे की नाही ते पाहावे, नसल्यास शेजारी बसून अर्ज लिहून द्यावा, आणि तो दाखल झाल्यावर तारीख व सही असलेली पोच त्यांच्या हाती आहे याची खातरजमा करावी.