नाण्यांचं वजन आणि पदवीचा अभ्यास

दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं त्यांनी अभ्यासली आणि प्राचीन इतिहासाला नव्या जातीचा पुरावा मिळाला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. सरासरी वजन घटतं, नाण्यानाण्यातला फरक वाढतो. संख्याशास्त्राने हे मोजलं की कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, याचा अंदाज बांधता येतो. नाण्यांवरच्या खुणा जाणणं आणि वजनांचं गणित मांडणं एकाच माणसाला येत होतं, म्हणून तर हा प्रश्न सुचला! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेतला दुय्यम विषय घेण्याची वाट मोकळी केली, त्यामागचं खरं बळ मला इथे दिसतं.

अशाने विद्यार्थी धड ना इकडचा, धड ना तिकडचा होईल, हा आक्षेप रास्त आहे. कोसंबींचं गणित कच्चं असतं, तर ती वजनं नुसते आकडे राहिली असती. म्हणूनच मुख्य विषय पक्का हवा आणि वेळापत्रकात बसतो म्हणून कुठलाही दुय्यम विषय माथी मारू नये. कोसंबी असामान्य होते, हेही खरं. पण गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून तिचा पिकांच्या हिशेबाशी मेळ घालायला असामान्य बुद्धी लागत नाही. त्यासाठी भूगोल आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र शिकवायला हवं आणि दोघांचेही तास कार्यभारात धरले जायला हवेत.