पीठ एका डब्यात, किडे फळीभर

रायपूर म्हणजे भाताचा मुलूख. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीतही कणकेच्या डब्याशेजारी तांदळाच्या पिठाचा डबा असतोच. भाकरीला, आंबोळीला आणि शेजारणीकडून शिकलेल्या फरा-चिल्यालाही तेच लागते. पावसाळा लागला, की एक दिवस फळीवर तिळाएवढे दोन-चार तांबूस किडे फिरताना दिसतात. गृहिणी ते झटकते, गिरणीवाल्याला बोल लावते. मागे सरकवलेला जुना डबा मात्र कुणी उघडत नाही.

हा पिठातला तांबडा भुंगेरा. धड दाणा त्याला फोडता येत नाही. कणी, रवा, पीठ हेच त्याचे खाद्य. आणि भाताच्या गिरण्यांच्या गावात कणीची काय वानवा! मादी आयुष्यात तीनशे-चारशे अंडी सहज घालते. उबेत महिन्याभरात पुढची पिढी तयार!

सुरुवातीला नर विशिष्ट गंध सोडून इतरांना बोलावून घेतात. गर्दी वाढली, की सारे उलटते. भुंगेऱ्यांच्या अंगातून क्विनोन नावाची उग्र द्रव्ये पाझरतात. पिठाला वास येतो, रंग गुलाबीसर होतो. मोठे किडे आणि अळ्या आपल्याच जातीची अंडी खाऊ लागतात. अमेरिकेतील रॉयल चॅपमन यांनी १९२८ साली दाखवले, की पीठ थोडे असो वा पुष्कळ, अंडी-अळ्यांसकट याच्याच जवळच्या जातीच्या भुंगेऱ्यांची संख्या ग्रॅममागे सुमारे ४४ वर येऊन थांबते.

पण ती होती प्रयोगातली भांडी. तिथून बाहेर जायला वाट नव्हती. आपल्या डब्याचे झाकण सैल असते. दाटी झाली, की भुंगेरे बाहेर पडतात, उबदार हवेत उडतातही. फळीवरचा किडा बहुधा नव्या पिठातला नसतो, जुन्या डब्यातून जागा शोधत निघालेला असतो. नव्या पिठांशी हे किडे कसे जुळवून घेतात, याचा अभ्यास बंगळुरूच्या राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्रात दीपा आगाशे यांनी केला आहे.

म्हणून किडा दिसला, की आधी सगळे डबे पाहा. वास मारणारे, गुलाबी पीठ चाळून वापरू नका, टाकूनच द्या. जुन्या पिठावर नवे ओतू नका. नवे पीठ चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले, तर अंडीही मरतात. कडुनिंबाच्या पाल्याने किडे पळतात म्हणे. पण अंडी कुठे पळणार? फळीच्या चिरांतले सांडलेले पीठ मात्र त्याच दिवशी खरवडून काढा.