विशाल डेटाबेस भरताना साठवण यंत्रणेचे नियोजन : सातबारा अभिलेखांच्या संदर्भात

विशाल डेटाबेसमध्ये माहिती एकत्रितपणे भरावयाची असता साठवण यंत्रणेची निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खरेदीच्या वेळी ‘किती जीबी?’ हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः ‘सेकंदाला किती वेळा लिहिता येईल?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रात सुमारे २.५ कोटी सातबारा उतारे आहेत. प्रत्येकाची मजकूररूप नोंद ४ केबी मानल्यास एकूण माहिती १०० जीबी भरते. ती एका साध्या हार्ड डिस्कवर मावते. सेकंदाला १०० एमबी वेगाने सलग लिहिल्यास ती १७ मिनिटांत उतरेल. परंतु गट क्रमांक, खाते क्रमांक, खातेदाराचे नाव व फेरफार क्रमांक असे चार इंडेक्स त्याच वेळी अद्ययावत होत असतील, तर १० कोटी लेखनक्रिया विखुरलेल्या जागी कराव्या लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. सरासरी अर्ध्या फेऱ्याची प्रतीक्षा व हेड सरकण्याचा काळ धरता सेकंदाला सुमारे ८० क्रिया होतात. मेमरीचे साहाय्य न मिळाल्यास तेच काम साडेचौदा दिवस चालेल!

१६ डिस्क जोडल्यास हा काळ घटतो. मात्र रेड-५ रचनेत प्रत्येक लहान लेखनामागे चार क्रिया होतात, रेड-१० मध्ये दोन. त्यामुळे पहिल्या रचनेत सुमारे ३.६ दिवस, तर दुसरीत १.८ दिवस लागतील. निविदांच्या तुलनात्मक तक्त्यात रेड-५ स्वस्त दिसते, कारण तेथे बहुधा जीबीचाच रकाना असतो.

इंडेक्स न ठेवता माहिती भरून नंतर ते बांधणे, हा याहून परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी क्रमवारी लावण्यास पुरेशी तात्पुरती जागा हवी. लॉगसाठी स्वतंत्र डिस्क असावी. एसएसडीमुळे विखुरलेल्या लेखनाची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. तरी बॅकअपची जागा व वेळ यांचा हिशेब सुटत नाही.

यवतमाळसारख्या कापूस उत्पादक जिल्ह्यात खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबाऱ्याची निकड असते. त्या दिवसांत यंत्रणा बंद ठेवणे परवडणारे नाही. म्हणून जिल्ह्यातील १६ तालुक्यांपैकी एकाची माहिती आधी भरून वेळ मोजावा. त्या वेळेस सरळ १६ ने गुणणे मात्र फसवे ठरते; इंडेक्स मेमरीत मावेनासा झाला की वेग एकाएकी कोसळतो.