पाटोद्याच्या पत्र्याखाली शंभर वॅट कशाला?

पाटोद्यात बँड म्हटलं की आधी वरातीतली बेंजो पार्टीच डोळ्यांपुढे येते. पण इलेक्ट्रिक गिटारवर बसवलेल्या गाण्यांचा डेमो करायचा ठरला, की पोरांचा पहिला हिशेब सुरू होतो वॅटचा. जितके वॅट जास्त तितका डेमो दणदणीत, हा त्यातला सगळ्यांत चिवट गैरसमज. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे ५० ऐवजी १०० वॅटचा ॲम्प आणून पदरात पडतो तो जेमतेम फरक. आवाजाची पातळी नंतर मिक्सिंगमध्येही वाढवता येते, ॲम्पकडून हवा असतो तो आवाजाचा पोत. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये 'लैला'चा अल्बम केला, तो फेंडरच्या पाचेक वॅटच्या चॅम्पवर.

“मंडपवाल्याचे भारी बॉक्स आहेत की, गिटार त्यालाच जोडू!” ही दुसरी चूक. ते बॉक्स माणसाचा आवाज आणि गाणी स्वच्छ ऐकवण्यासाठी असतात. गिटारचा स्पीकर मात्र साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग ऐकवतच नाही, आणि तेच त्याचं काम. डिस्टॉर्शनमधली वरची किरकिर तिथेच गळते. मंडपाच्या बॉक्समधला ट्विटर ती सगळी बाहेर काढतो आणि गिटार डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी वाजते. ॲम्प नसेल तर प्रोसेसरमधलं किंवा लॅपटॉपमधलं कॅबिनेट सिम्युलेशन चालू करून थेट रेकॉर्ड करा. काहीजण त्याला खोटा आवाज म्हणून नाकं मुरडतात. डेमोपुरता तो मला पूर्ण मान्य आहे.

खरी गंमत माईकच्या जागेत आहे, आणि नेमकं तिथेच कुणी वेळ घालवत नाही. माईक स्पीकरच्या मधोमध धरला की आवाज टोकदार येतो, कडेला सरकवला की मऊ, जाड होत जातो. दोन-तीन सेंटीमीटरनेही फरक पडतो. मधली टोपी आणि कागदी कोन जिथे मिळतात, तिथून सुरुवात करावी, माईक जाळीपासून दोन-तीन बोटांवर ठेवून. १९६५ पासून चालत आलेला शूरचा एसएम५७ या कामाला पुरून उरतो, महागडा कंडेन्सर लागत नाही. पत्र्याच्या खोलीत माईक जवळ ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे खोलीचा घुमारा कमी येतो. उरलेला गोधड्या टांगून आवरता येतो.

गेन पूर्ण वर नेला की गिटार 'हेवी' होते, हेही खोलीपुरतंच खरं. रेकॉर्डिंगमध्ये तिचा चिखल होतो. गेन कमी ठेवून तोच भाग दोनदा वाजवावा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावा. एकाच ट्रॅकची कॉपी करून ती रुंदी येत नाही.

ओहमबद्दल डीजेवाल्यांना विचारा, त्यांना ते पाठ असतं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, ते ॲम्पला झेपायला हवेत. व्हॉल्व्हचा ॲम्प तर स्पीकर न जोडता वाजवूच नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणि ती घूंऽऽ? तिचा दोष दरवेळी ॲम्पवर येतो. बऱ्याचदा कारण असतं कच्चं अर्थिंग, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर. अर्थची पिन काढून घूं घालवणारे महाभाग आहेत, पण तसं केल्यास बिघडलेल्या ॲम्पचा झटका थेट तारांवरच्या बोटांना बसू शकतो. अर्थिंग दुरुस्त करून घ्या, लाइट असताना रेकॉर्ड करा आणि टेकपुरता पंखा बंद ठेवा.