पाणी तापलं की मासा दमतो

पिसं-दोऱ्याच्या खोट्या माशीला भुलणारा ट्राउट गार पाण्यातला मासा. नदी 20 अंशांच्या वर गेली की तो दमतो, म्हणून गोदावरीवरच्या पैठणच्या नाथसागर जलाशयात त्याची आशा नको.

कारण साधं आहे. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. गोदावरीतली मरळ मात्र थेट हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी ती वरचेवर पृष्ठभागावर येते.

महाराष्ट्रात या खोट्या माशीच्या गळाला शोभणारा खरा मासा म्हणजे महसीर. त्याच्या दख्खनी जातीचं शास्त्रीय वर्णन निसर्ग-अभ्यासक साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं.

उन्हाळ्यात महसीर गळाला लागलाच, तर त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून द्या.